तंबू टिकवायचा तर: वाळवणं, ठेवणं, धुणं आणि ठिगळं

पिशवीचं तोंड उघडताच आंबूस, ओकारीच्या जवळ जाणारा वास येतो. घडी सोडवायला जावं तर एक पदर दुसऱ्याला चिकटलेला असतो, ओढल्यावर चर्र आवाज करत सुटतो आणि आतल्या बाजूचे पांढुरके पापुद्रे बोटांना लागतात. माझ्या पहिल्या तंबूची ही गत झाली तेव्हा तो जेमतेम वीसेक रात्री वापरला होता. वारा, गारा, काटे या सगळ्यांतून तो धड परत आला होता. शेवटच्या मुक्कामाहून आल्यावर मात्र ‘उद्या वाळवू’ म्हणून मी तो ओलसरच कपाटात टाकला, आणि तो उद्या एका वर्षाने उजाडला.

बहुतेक तंबूंचं असंच होतं. मोडलेला पोल बदलता येतो, फाटलेल्या कापडाला ठिगळ लागतं, पण बंद पिशवीत दमट राहून कुजलेला लेप परत आणणं जवळपास अशक्य असतं. म्हणून या लेखाची सुरुवात मुक्कामाच्या जागेपासून न करता घरापासून करतो.

कापडात नेमकं बिघडतं काय

हल्लीचे बहुतेक तंबू नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असतात. कापड किती पातळ आहे याची कल्पना त्यावर लिहिलेल्या डेनियरच्या आकड्यावरून येते. ९,००० मीटर लांब धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. २० डेनियरचं कापड ज्या धाग्याने विणतात, तो धागा नऊ किलोमीटर भरला तरी त्याचं वजन २० ग्रॅमच! असा धागा इतकी वर्षं वारा झेलतो याचंच नवल वाटतं.

नुसतं विणलेलं कापड पाणी अडवत नाही. ते काम लेपाचं. तो लेप दोन जातींचा असतो, पॉलियुरेथेनचा (पीयू) आणि सिलिकॉनचा. काही तंबूंना बाहेरून सिलिकॉन आणि आतून पीयू असतो. आपल्या तंबूला कोणता लेप आहे हे माहीत असलं पाहिजे, कारण पुढची सगळी दुरुस्ती त्यावर ठरते. ओळखायची सोपी खूण म्हणजे शिवण. आतल्या बाजूने शिवणीवर पारदर्शक किंवा करडी पट्टी चिकटवलेली असेल तर त्या बाजूला पीयू आहे. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडावर अशी पट्टी टिकत नाही, त्यामुळे ती सहसा नसतेच. शिवाय हे कापड हाताला साबण लावल्यासारखं घसरतं लागतं.

पीयूचा शत्रू पाणी. ऐकायला विचित्र वाटतं, पण पाणी अडवणारा हा लेप पाण्यानेच मरतो. पाण्याचे रेणू त्याच्या लांब साखळ्यांमधले जोड हळूहळू तोडतात. त्याला जलविघटन म्हणतात. दोन-चार रात्रींच्या पावसाने काही होत नाही, लेप भिजतो आणि वाळतो. पण ओलावा आणि ऊब दोन्ही महिनोन्‌महिने कोंडून राहिली की साखळ्या तुटत जातात, लेप चिकट होतो आणि शेवटी पापुद्र्यांनी सुटतो. तो आंबूस वास त्याचाच. सिलिकॉनला हा रोग नाही.

दुसरा शत्रू ऊन. अतिनील किरण धाग्यालाच ठिसूळ करतात. यात नायलॉन आधी हार मानतं आणि पॉलिएस्टर जास्त काळ तग धरतं. उलट नायलॉन तेवढ्याच जाडीत जास्त चिवट असतं, पण ओलं झालं की सैलावतं. रात्री पाऊस सुरू झाला की ताणून लावलेला नायलॉनचा तंबू पोट सोडतो तो त्यामुळे. त्यात तुमची चूक काही नाही, बाहेर जाऊन तणावे (तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या) पुन्हा ओढायचे आणि झोपायचं.

तिसरी बुरशी. कृत्रिम धागा तिला फारसा पचत नाही. तिला लागते ती कापडावर बसलेली माती, घाम, सांडलेलं अन्न, झाडाचा चीक. पण एकदा रुजली की काळे ठिपके लेपात उतरतात आणि कुबट वास वर्षानुवर्षं जात नाही.

घरी आल्यावर, चहाच्या आधी

हे लिहिताना मलाच हसू येतं, कारण थकून आल्यावर तंबू उलगडायचा कंटाळा किती येतो ते मला माहीत आहे. तरीही क्रम हाच.

१. आतली खोली (इनर) आणि बाहेरचं कापड (फ्लाय) वेगवेगळे करा. दोन्ही एकत्र वाळत घातले तर मधली ओल तशीच राहते.

२. इनरच्या सगळ्या चेन उघडून तो उलटा धरा आणि झटका. कोपऱ्यातले खडे, काटक्या आणि वाळू आत राहिली तर घडीत दाबली जाऊन तळाचं कापड कुरतडते. झटकताना पोल, पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या) मोजूनही घ्या. एक पेग कमी आहे हे घरी कळलेलं बरं.

३. सावलीत, वारा येईल अशा जागी दोरीवर टाका. गच्ची किंवा अंगण नसेल तर दाराच्या चौकटीवर, दोन खुर्च्यांवर, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर, कुठेही. पंखा सुरू ठेवा. कडक उन्हात ‘पटकन वाळेल’ म्हणून टाकू नका, हीटरसमोर तर नकोच.

४. तासाभराने उलटा. एक बाजू कोरडी लागते तेव्हा दुसरी बहुधा ओली असते.

५. वाळला का, हे तळहाताने कळत नाही. कापड गालाला लावून पाहा. गार लागलं तर पाणी अजून उडतंय. मग शिवणी, तळाचे कोपरे, पेग अडकवायचे पट्टे आणि चेनची कापडी पट्टी चिमटीत धरून दाबा. जाड पट्ट्यात पाणी मुरून राहतं आणि मधलं कापड वाळल्यावरही कित्येक तास तिथे ओल असते. बुरशीची सुरुवात मी नेहमी इथूनच पाहिली आहे.

६. सगळं कोरडं वाटल्यावर आणखी एक रात्र तसाच सोडा. यावर लोक माझी थट्टा करतात. करू दे.

पोल आणि पेगही पुसून वाळवा. समुद्रकाठी मुक्काम झाला असेल तर पोलचे जोड, पेग आणि चेन आधी गोड्या पाण्याने धुवा, कारण मिठाने ॲल्युमिनियम गंजतं आणि जोड एकमेकांत अडकून बसतात.

मुक्कामाहून ओला तंबू घेऊनच निघावं लागलं तर? असं कितीदा तरी होतं. फ्लाय जोरात झटका, आतबाहेरून टॉवेलने पुसा आणि इनरपासून वेगळ्या पिशवीत सैल भरा. वाटेत दुपारी तासभर थांबणार असाल तर तेवढ्यात पसरून ठेवा. ओल्या तंबूला बंद पिशवीत एक दिवस चालतो, दोन दिवस म्हणजे डोक्याला ताप, त्याहून जास्त झाले तर बुरशीला आमंत्रण.

ठेवायचा कसा

तंबूसोबत जी घट्ट पिशवी येते ती प्रवासासाठी. घरी त्या पिशवीत ठेवू नका. जुनी सुती उशीची खोळ किंवा मोठी जाळीदार पिशवी घ्या आणि तंबू सैल कोंबून भरा. हवा खेळली पाहिजे, कापडावर दाब नको. प्लास्टिकची हवाबंद पेटी फार नीटनेटकी दिसते, पण आत राहिलेली थोडीशी ओलही बाहेर जायला वाट ठेवत नाही.

घडी घालावी की कोंबावा, यावर तंबूवाल्यांत कायमचा वाद आहे. दरवेळी त्याच रेषेवर घडी पडली की त्या रेषेवर लेपाला भेगा जाऊ शकतात, हे खरं. कोंबल्याने चुण्या दरवेळी वेगळ्या पडतात. माझं मत असं की घरी ठेवताना कोंबावा. प्रवासात घडी घालायची असेल तर दरवेळी थोडी वेगळी घालावी आणि गुंडाळताना दाराची चेन थोडी उघडी ठेवावी. नाहीतर आतली हवा निघायला जागा नसते आणि गुडघ्याने दाबून दाबून आपणच शिवणींवर जोर देतो.

जागा थंड, कोरडी, अंधारी हवी. माळा उन्हाळ्यात तापतो, तळघर दमट असतं आणि गाडीची डिकी भट्टी होते. तिघांपैकी एकही नको. घराच्या आतलं कपाट, जमिनीपासून वरचा कप्पा, बाहेरच्या भिंतीला न टेकलेला, हे उत्तम. दमट हवेच्या प्रदेशात राहत असाल तर पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तंबू बाहेर काढून वारा द्या. न वापरलेला तंबूही कपाटात म्हातारा होत असतो.

पोल ठेवताना जमल्यास जोडूनच उभे ठेवा. आतल्या इलॅस्टिकवर त्यामुळे ताण राहत नाही. तेवढी जागा क्वचितच असते, तेव्हा निदान घट्ट बांधू नका.

मुक्कामावर

तंबू उलगडण्याआधी जागेवर हात फिरवा. डोळ्याला न दिसणारे काटे, खुंटं, टोकदार खडे हाताला लागतात. दाट झाडाखाली सावली मिळते, पण चीक आणि पक्ष्यांची विष्ठा दोन्ही कापडाला चिकटतात, आणि वाळकी फांदी डोक्यावर असेल तर प्रश्न तंबूपुरता राहत नाही.

तळाखाली आणखी एक कापड (फूटप्रिंट) घाला. विकत घ्यायलाच हवं असं नाही, कोणतंही मजबूत प्लास्टिकचं कापड चालतं. मात्र ते तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर लहान हवं. मोठं राहिलं तर फ्लायवरून ओघळणारं पाणी त्यावर साचतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं. मोठ्या हौसेने आणलेलं कापड बाहेर डोकावतंय आणि आत पाणी का आलं म्हणून कपाळाला हात लावणारे मी बरेच पाहिले आहेत. जास्तीचं कापड आत दुमडून टाका.

पेग जमिनीत सरळ उभा ठोकू नका. त्याचं डोकं तंबूपासून दूर झुकलेलं हवं, म्हणजे तणावा आणि पेग यांच्यात साधारण काटकोन होतो आणि ओढ बसली तरी पेग उपटत नाही. काढताना तणाव्याला धरून हिसडा देऊ नका, कापडाचा पट्टा उसवतो. दुसरा पेग त्याच्या डोक्यात अडकवून ओढा.

ताण सगळीकडे सारखा हवा. सैल कापड रात्रभर फडफडतं आणि त्या फडफडीने शिवणी, चेन आणि लेप तिन्ही झिजतात. अति ताणलं की जोर चेनवर येतो. एक साधी परीक्षा आहे: दाराची चेन एका हाताने, दुसऱ्या हाताची मदत न घेता बंद झाली पाहिजे. होत नसेल तर चेनला दोष देऊ नका, पेग हलवा.

उन्हाचं म्हणाल तर तंबू रात्रीसाठी आहे. एकाच जागी चार दिवस मुक्काम असेल तर दुपारी तो उतरवा, नाहीतर वर स्वस्तातली ताडपत्री बांधा. उंचावर हे जास्त लागू. दर १,००० मीटर उंचीमागे अतिनील किरणांचा मारा साधारण १० टक्क्यांनी वाढतो, आणि ताजा बर्फ ते ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे कापडाला वरूनही भाजणं आणि खालूनही.

सकाळी फ्लायच्या आतून थेंब लागले की ‘तंबू गळतोय’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. ती बहुतेक वेळा आपल्याच श्वासाची वाफ असते. पावसातसुद्धा वरची खिडकी किंवा दाराची फट उघडी ठेवा, ओले कपडे आत वाळत घालू नका. फ्लाय इनरला टेकलेला नाही ना, तेही पाहा.

आता आतल्या शिस्तीचं थोडक्यात. बूट बाहेर. खाणं आत नको, कारण उंदराला चेन उघडता येत नाही, तो कापडातून वाट काढतो. चूल, मेणबत्ती, उदबत्ती आत कधीही नाही. कापड वितळतं ही त्यातली छोटी गोष्ट, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचून माणूस झोपेतच जातो. डास पळवणाऱ्या मलमात डीट असेल तर ते लावलेले हात पारदर्शक खिडकीला आणि प्लास्टिकच्या भागांना लावू नका. डीट काही प्लास्टिक विरघळवतं.

पोल

पोल हवेत झटकून खटाखट जोडणं बघायला झोकदार असतं. पण दरवेळी धातूची कड धातूवर आदळते, बारीक चरे पडतात, आणि पुढच्या वाऱ्यात पोल तिथेच फाटतो. प्रत्येक जोड हाताने पूर्ण आत बसवा. अर्धवट बसलेल्या जोडावर वाक आला की नळीचं तोंड चिरलंच म्हणून समजा. कापडी बोगद्यातून पोल नेताना ढकला, ओढू नका. ओढलं की आत जोड सुटतात आणि कापड त्यांच्या मधे चिमटतं. घडी करताना मधल्या जोडापासून सुरू करून टोकांकडे जा, म्हणजे इलॅस्टिक दोन्हीकडे सारखं ताणलं जातं.

पोल तुटला तर त्यावर बसणारी छोटी नळी बहुतेक तंबूंसोबत येते. ती पोलाच्या पिशवीतच असते आणि कित्येकांना ती कशासाठी आहे हे माहीत नसतं. नळी तुटलेल्या जागेवर सरकवा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळा. नळी नसेल तर पेग आडवा लावून घट्ट बांधा, हाडाला खपची बांधतात तसं. फायबरग्लासचा पोल चिरला असेल तर हातमोजे घालूनच धरा. त्याची कुसळं बोटात गेली की दोन दिवस आठवण राहते.

इलॅस्टिक सैल पडलं की पोल आपोआप जुळेनासे होतात. बदलणं सोपं आहे. एका टोकाची टोपी काढा, जुनी दोरी काढताना नळ्यांचा क्रम जमिनीवर तसाच मांडून ठेवा, त्याच जाडीची नवी दोरी ओवा. ती पोलच्या लांबीपेक्षा आखूड ठेवा, एवढीच की सगळे जोड ओढून बसतील आणि घडी करतानाही सुटायला अवघड जाणार नाही. गाठ मारण्याआधी एकदा घडी करून पाहा.

चेन

तंबूतली सगळ्यात आधी दगा देणारी वस्तू चेन. आणि दहापैकी आठ वेळा दात शाबूत असतात, बिघडलेला असतो रनर. वाळू आणि माती दातांत बसते, रनर त्यावरून घासत जातो आणि आतून झिजून रुंद होतो. मग तो पुढे सरकतो, पण मागे चेन उघडीच राहते.

आधी स्वच्छता. जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंचे दात कोरडेच घासा, मग साध्या पाण्याने धुवा. तेल लावू नका, धूळ त्यालाच चिकटते. सिलिकॉनचं कोरडं वंगण चालतं.

तरीही चेन लागत नसेल तर रनर सुरुवातीच्या टोकाला न्या. पक्कडीने त्याची मागची बाजू, म्हणजे जिथून जुळलेले दात बाहेर पडतात ती, आधी डावीकडून आणि मग उजवीकडून अगदी हलकी दाबा. चेन लावून पाहा. नाही जमलं तर पुन्हा एक कणभर. एकदम जोर दिला तर रनर तडकतो, आणि मुक्कामावर तडकला तर ती रात्र डासांची. हा उपाय तात्पुरता आहे. घरी परत आल्यावर रनर बदलून घ्या. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे हे काम होतं. रनरच्या पाठीवर त्याचा आकार कोरलेला असतो, तोच द्यायला सांगा.

धुणं: जेवढं कमी तेवढं बरं

दर मुक्कामानंतर तंबू धुवायचा नसतो. ओल्या स्पंजने डाग पुसले की झालं. पूर्ण धुवायचा तो वास येत असेल, सगळीकडे चिखल किंवा मीठ असेल, नाहीतर बुरशी दिसली तर.

वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, हलक्या फेऱ्यावरसुद्धा. घुसळण्याने शिवणीवरच्या पट्ट्या सुटतात, जाळी ओढली जाते आणि पाणी न सोडणारं कापड फुग्यासारखं पाणी धरून मशीनलाही हादरवतं. ड्रायर आणि ड्रायक्लीनिंग यांचं नावही नको.

टबात किंवा मोठ्या बादलीत थंड किंवा जेमतेम कोमट पाणी घ्या. कपड्यांची पावडर वापरू नका. तिचा जो अंश कापडावर उरतो तो पाण्याला धरून ठेवतो, आणि बाहेरच्या बाजूला पाण्याचे थेंब घरंगळून जावेत म्हणून जो थर दिलेला असतो त्याचं काम बंद पडतं. तंबूसाठीचा साबण मिळतो, तो नसेल तर बिनवासाचा, साधा, सौम्य साबण थोडासा. सगळ्या चेन लावा, तंबू उलटा करा, बुडवून मऊ स्पंजने पुसा. घासायचं नाही, पिळायचंही नाही. पाणी पूर्ण नितळ होईपर्यंत खळबळा. जिथे तुम्ही ‘झालं’ म्हणाल त्यानंतर आणखी एकदा. मग वर सांगितल्यासारखा वाळवा.

झाडाचा चीक लागला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फक्त त्या डागावर फिरवा आणि लगेच धुवा. बुरशी असेल तर तंबू आधी घराबाहेर पूर्ण वाळवा, मऊ ब्रशने वरची भुकटी झटका (तोंडाला फडकं बांधून), मग पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवा आणि धुवून टाका. ब्लीच नको, ते कापड आणि लेप दोन्ही खातं. बुरशी मरते, वास जातो, काळे ठिपके बहुतेक राहतात. राहू द्या. ठिपके घालवायच्या नादात लेप घालवलेला तंबू मी पाहिला आहे, तो स्वच्छ होता आणि गळत होता.

धुतल्यावर फ्लायवर पाणी शिंपडून पाहा. थेंब गोळे होऊन पळाले तर ठीक. कापड गडद होऊन पाणी पीत असेल तर बाहेरचा थर संपलाय. कापड ओलं असतानाच फवारायचं पाणीरोधक द्रव्य मिळतं, ते सारखं फवारून पाच मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. आतला लेप शाबूत असेल तर एवढ्याने पाणी आत येत नव्हतंच, पण भिजलेलं कापड जड होतं, वाळायला वेळ लागतो आणि पीयूला तेवढी जास्त ओल सोसावी लागते.

सुती कॅनव्हासचा तंबू ही वेगळी जात. तो नवा असताना मुद्दाम उभा करून भिजवतात आणि वाळवतात. धागे फुगतात आणि सुईची भोकं बुजतात. एक-दोनदा हे केल्याशिवाय त्याला पावसात नेऊ नका. त्याला वाळवण्याची शिस्त दुप्पट कडक, कारण बुरशी सुताचा धागाच खाते.

शिवणी आणि ठिगळं

गळती लागलीच तर बहुतेक वेळा ती शिवणीतून असते. सुईने पाडलेली हजारो भोकं, त्यावर एक पट्टी. ती पट्टी काही वर्षांनी सुटते. सुटलेला भाग हळूच ओढून काढा, निघत नाही तेवढा राहू द्या. तंबू उभा करून फ्लाय उलटा टाका, म्हणजे शिवण ताणलेली राहील. अल्कोहोलच्या फडक्याने शिवण पुसा. बारीक ब्रशने शिवणीवर भरणद्रव्याचा (सुईची भोकं बुजवणारं द्रव्य, सीम सीलर) पातळ थर ओढा, दोन्हीकडे बोटभर जागा घेऊन. रात्रभर सुकू द्या, मग टाल्कम पावडर भुरभुरा, नाहीतर घडीत ते एकमेकांना चिकटेल.

इथे चूक करायला जागा एकच आहे आणि ती सगळेच करतात. पीयू लेपाला पीयूचं भरणद्रव्य, सिलिकॉनला सिलिकॉनचं. सिलिकॉनच्या कापडावर दुसरं काहीही लावलं तरी ते वाळल्यावर सालीसारखं निघून येतं. ठिगळाच्या पट्टीचंही तेच, साधी दुरुस्तीची चिकटपट्टी तिथे धरत नाही.

फाटलेल्या जागी ठिगळ लावताना कडेचे सुटलेले धागे कापा, जागा अल्कोहोलने पुसून वाळू द्या. कापड सपाट, कठीण पृष्ठभागावर ठेवा, फाटलेल्या कडा जुळवा. पट्टी चारी बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर मोठी कापा आणि तिचे कोपरे गोल करा. टोकदार कोपरा आधी सुटतो आणि तिथून सगळं निघतं. चमच्याच्या पाठीने घासून हवा काढा. ताण येणाऱ्या जागी दोन्ही बाजूंनी लावा. जमलं तर दिवसभर तिथे ताण देऊ नका. फाट मोठी असेल तर आधी सुईदोऱ्याने जवळ घ्या, मग शिवणीवर भरणद्रव्य आणि वर पट्टी. जाळीला जाळीचंच ठिगळ, छोट्या भोकाला नुसते दोन टाके.

माझ्या पिशवीत नेहमी असतं ते एवढंच: हातभर दुरुस्तीची पट्टी, दोन अल्कोहोलच्या पुड्या, जाड सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा, पोलाची नळी, एक जास्तीचा रनर, दोन मीटर बारीक दोरी. छोटी पक्कड गटातल्या कुणाकडे तरी असतेच.

लेप चिकट झालाच तर

फक्त तळाचा लेप गेला असेल आणि वरचं कापड मजबूत असेल तर एक दिवस घालवण्यात अर्थ आहे. अल्कोहोल आणि खरखरीत स्पंजने सगळा चिकट थर खरवडून काढायचा, अर्धवट काढून चालत नाही. धुवायचं, वाळवायचं, आणि पीयूचं द्रव्य पातळ हाताने पूर्ण तळाला लावायचं. हात दुखतात, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, आणि जमलं तर तळ आणखी काही वर्षं चालतो. फ्लायवर मी हे कधी करणार नाही. तेवढ्या पातळ कापडावर हाताने सारखा थर बसत नाही.

ऊन खाल्लेल्या कापडाला मात्र औषध नाही. रंग उडालेली जागा दोन अंगठ्यांच्या मधे धरून हलकी ओढा. कागदासारखी टरकली तर तो तंबू घरामागे मुलांना खेळायला द्या, वाऱ्यात नेऊ नका. पोल, पेग, तणावे, रनर, जाळी आणि तळाचं धड कापड मात्र कापून ठेवा. माझ्या त्या चिकट झालेल्या पहिल्या तंबूची जाळी अजून वीतभर शिल्लक आहे, आणि सध्याच्या तंबूच्या दारावर तिची तीन ठिगळं आहेत.